जुन्या मशीनला नवी मोटार लावताना कपलिंग मोजून कसं निवडावं

भोसरीतल्या दोन गाळ्यांच्या एका वर्कशॉपमधलं हे मशीन. तीन अक्षांचं मिलिंग, १६ मिमीचे बॉलस्क्रू, ५ मिमी लीड (म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकतं). मूळच्या स्टेपर मोटारी काढून आम्ही ७५० वॅटच्या एसी सर्व्हो बसवल्या, नवा कंट्रोलर लावला, ड्राइव्ह ट्यून केले. हवेत टेबल सुरेख धावायचं. पण ॲल्युमिनियममध्ये ४० मिमीचं गोल पॉकेट मारलं, की जिथे एक्सची दिशा उलटते तिथे नखाला जाणवेल अशी पायरी यायची. बॉलस्क्रू झिजला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि मालक नव्या स्क्रूची ऑर्डर देण्याच्या बेतात होते.

दोष कपलिंगमध्ये, म्हणजे मोटारीचा शाफ्ट आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या तुकड्यात, होता. ते जुनंच ठेवलं होतं: एकसंध ॲल्युमिनियमचं, आडव्या चिरा मारलेलं हेलिकल कपलिंग. मोटारीच्या बाजूचं बोअर, म्हणजे शाफ्ट जातो ते भोक, १४ वरून १९ मिमी करून घेतलं होतं. लोडवर ते पिळलं जायचं, दिशा उलटली की आधी तो पीळ सुटायचा, मग उलटा पीळ बसायचा, आणि त्यानंतरच टेबल हलायचं. कपलिंग बदललं, पायरी गेली. बॉलस्क्रू आजही तोच आहे.

नव्याने रेट्रोफिटमध्ये, म्हणजे जुन्या मशीनला नवी मोटार-कंट्रोलर बसवण्यात, पडणाऱ्यांना एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला मी नेहमी सांगतो. एनकोडर, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, मोटारीच्या पाठीमागे असतो. ड्राइव्हला मोटार किती फिरली एवढंच कळतं, टेबल किती सरकलं ते कळत नाही. त्या दोघांमधली पहिली कडी म्हणजे कपलिंग. ते पिळलं, घसरलं, ढिलं झालं, तरी स्क्रीनवरचा आकडा अगदी बरोबर दिसत राहतो.

खाली जे लिहिलंय ते ४०० वॅट ते १ किलोवॅटच्या सर्व्हो किंवा नेमा २३ आणि ३४ (नेमा म्हणजे मोटारीच्या तोंडाचं प्रमाणित माप) स्टेपर, आणि १६ ते २५ मिमीचे बॉलस्क्रू असलेल्या लहान मिल, लेथ आणि राउटरसाठी आहे. मोटार बेल्टवर असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

सोडवण्याआधी: झेड अक्षाखाली लाकूड

हे सगळ्यात आधी, कारण यात हात जातो. झेडच्या मोटारीला ब्रेक आहे म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. ब्रेक मोटारीच्या शाफ्टला धरतो, बॉलस्क्रूला नाही. मध्ये कपलिंग असतं. त्याचा क्लॅम्प सैल केला की ब्रेक असून नसल्यासारखा, आणि स्पिंडलचं हेड वजनाने खाली येतं.

जुन्या मॅन्युअल मशीनवर हात बसलेल्या फिटरला हे पटकन लक्षात येत नाही. तिथे साधा ट्रॅपेझॉइडल आट्यांचा स्क्रू असतो, तो वजनाने सहसा फिरत नाही. बॉलस्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते, तो वजनाखाली आपोआप उलटा फिरतो. म्हणून हेड आणि टेबल यांच्यामध्ये जाड लाकडी ठोकळा, हेड हलकेच त्यावर टेकवलेलं, मेन स्विच बंद, आणि मगच ॲलन की हातात. मी एकदा हेड पडताना पाहिलं आहे. कुणाला लागलं नाही, पण टेबलावरचा खड्डा आजही दिसतो.

जुनं कपलिंग फेकू नका, आधी बघा

काढलेलं कपलिंग बरंच काही सांगतं. ते पुसू नका, आहे तसंच उजेडात धरा.

शाफ्टवर लालसर तपकिरी भुकटी दिसली तर हब, म्हणजे कपलिंगचा शाफ्टवर बसणारा भाग, शाफ्टवर बारीक बारीक हलत होता. क्लॅम्प कमी पडत होता किंवा बोअर मोठं होतं. हेलिकलच्या चिरेच्या टोकाला केसाएवढी भेग असेल तर दोन शाफ्ट एका रेषेत नव्हते आणि प्रत्येक फेऱ्यात धातू वाकत होता. जॉ कपलिंगच्या मधल्या स्टार रबराचा चुरा खाली साठला असेल, तर एक तर लाइन चुकलेली, नाही तर रबर लोडला कमी पडलेलं. ग्रब स्क्रूने (हबमधून थेट शाफ्टवर दाबणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूने) शाफ्टवर उठवलेला खड्डा आणि त्याच्या कडेचा उंचवटाही तपासा. तो उंचवटा बारीक ऑइलस्टोनने घासून काढल्याशिवाय नवं कपलिंग त्यावरून सरकवू नका. बोअरला चरे पडतात आणि हब तिरका बसतो.

भेग किंवा चुरा दिसला तर नुसतं कपलिंग बदलून भागणार नाही. ब्रॅकेटची लाइन बघावी लागेल. त्याबद्दल पुढे आहे.

मापं घ्या, सगळी

दुकानात जाण्याआधी एका कागदावर सहा आकडे हवेत: मोटारीच्या शाफ्टचा व्यास, बॉलस्क्रूच्या टोकाचा व्यास, दोन्ही शाफ्टची मोकळी लांबी, दोन टोकांमधलं अंतर, आणि ब्रॅकेटच्या आत किती व्यासाचं कपलिंग मावेल ते. शिवाय, बाजूने ॲलन की घालायला खिडकी कुठे आहे त्याचं चित्र. हे चित्र काढायचं राहून गेलं की कपलिंग आत बसतं आणि स्क्रू मात्र आवळता येत नाही.

व्यास व्हर्नियरने नाही, मायक्रोमीटरने घ्या. टोकाशी, मध्ये आणि मुळाशी, असा तीन ठिकाणी. पूर्वी ग्रब स्क्रू लागलेल्या शाफ्टवर माप एकसारखं मिळत नाही.

नेहमी भेटणारी मापं सांगून ठेवतो, पण आपलं माप स्वतः घ्याच. नेमा १७ चा शाफ्ट ५ मिमी. नेमा २३ चा ६.३५ किंवा ८ मिमी. नेमा ३४ चा बहुतेक वेळा १४, क्वचित १२ किंवा १२.७. ६० मिमी फ्लँजच्या ४०० वॅट सर्व्होचा १४, ८० मिमी फ्लँजच्या ७५० वॅटचा १९. १३० मिमी फ्लँजच्या मोटारींत २२ आणि २४ दोन्ही सापडतात. स्क्रूच्या बाजूला बीके१० सपोर्टला (स्क्रूचं टोक धरणाऱ्या बेअरिंगच्या ठोकळ्याला) ८ मिमीचं टोक, बीके१२ ला १०, बीके१५ ला १२, बीके२० ला १७.

यात फसवणारं माप म्हणजे ६.३५, म्हणजे पाव इंच. ते ६ च्या बोअरमध्ये जात नाही आणि ६.५ च्या बोअरमध्ये बसल्यासारखं वाटतं. ६.५ चा क्लॅम्प आवळला की हब एका बाजूला ओढला जातो आणि कपलिंग डोलत फिरतं. ६.३५ चं बोअर तयार मिळतं, तेच मागा.

जुन्या मोटारींपैकी काहींचा शाफ्ट सरळ नसून टेपर असतो, टोकाला नट असतो. मोटार बदलत असाल तर काळजी नाही. मोटार तीच ठेवत असाल तर टेपर बोअरचा हबच शोधावा लागेल. सरळ बोअरचा हब टेपरवर कसाबसा बसवण्याचे प्रयोग करू नका.

टॉर्क: पहिली चाळणी

सर्व्होच्या पाटीवर रेटेड टॉर्क नसेल तर साधं गणित आहे: किलोवॅट गुणिले ९५५०, भागिले आरपीएम. ७५० वॅट, ३००० आरपीएम, म्हणजे सुमारे २.४ न्यूटन-मीटर. पण कपलिंग निवडायचं ते पीक टॉर्कवर, कारण सर्व्हो वेग घेताना आणि थांबताना रेटेडच्या तिप्पट जोर लावतो. म्हणजे ७.२. त्यावर दीडपट धरा, कारण दिशा सतत उलटसुलट होते: साधारण ११ न्यूटन-मीटर. ४०० वॅटला हेच गणित १.२७ रेटेड, ३.८ पीक, म्हणजे पाऊणेसहाच्या आसपास येतं. स्टेपरला होल्डिंग टॉर्क हाच पीक धरा.

कॅटलॉगमध्ये इथे एक बारीक गोम आहे. पहिल्या तक्त्यातला टॉर्क कपलिंगच्या मधल्या भागाचा असतो. क्लॅम्प शाफ्टवर किती टॉर्कला घसरेल त्याचा तक्ता वेगळा असतो, आणि तो बोअरनुसार बदलतो. एकाच हबमध्ये १९ मिमी बोअरला जी पकड मिळते ती १० मिमीला मिळत नाही. रेट्रोफिटमध्ये मोटारीचा शाफ्ट जाड आणि स्क्रूचं टोक बारीक असं जवळजवळ नेहमीच असतं. घसरतं ते बारीक बाजूला. म्हणून दुसरा तक्ता १० मिमीच्या ओळीत वाचा.

पीळ: खरा निर्णय इथे होतो

टॉर्क सोसणारं कपलिंग सहज मिळतं. प्रश्न असतो तो टॉर्क सोसताना किती पिळलं जातं याचा. कॅटलॉगमध्ये याला टॉर्शनल स्टिफनेस म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो न्यूटन-मीटर प्रति रेडियन या एककात देतात. एक रेडियन पीळ पडायला किती टॉर्क लागेल, असा त्याचा अर्थ. काही कंपन्या प्रति अंश देतात, काही प्रति आर्क-मिनिट. प्रति अंशाच्या आकड्याला ५७.३ ने गुणा, प्रति आर्क-मिनिटला ३४३८ ने, म्हणजे तुलना एकाच मापात होईल. ही तुलना न करता दोन कॅटलॉग शेजारी ठेवले तर चांगलं कपलिंग मऊ वाटतं आणि मऊ कपलिंग चांगलं.

आता आमच्या मशीनचं गणित. लीड ५ मिमी, म्हणजे एक रेडियन फिरलं की टेबल ०.८ मिमी सरकतं. एक अंश म्हणजे १४ मायक्रॉन. साध्या मिलिंगला कटिंगचा जोर ५०० न्यूटन, म्हणजे ५० किलोच्या आसपास, धरला तर स्क्रूवर टॉर्क येतो सुमारे ०.४५ न्यूटन-मीटर. कपलिंगचा स्टिफनेस ५० असेल तर पीळ ०.००९ रेडियन, टेबलावर ७ मायक्रॉन. जोराची दिशा उलटली की तेवढंच दुसऱ्या बाजूला, एकूण १४. नखाला लागलेली पायरी हीच. मोटार पूर्ण रेटेड टॉर्क लावत असताना हाच आकडा एका बाजूला ३८ मायक्रॉनवर जातो. स्टिफनेस १००० असेल, तर ५०० न्यूटनच्या जोरावर पीळ अर्ध्या मायक्रॉनच्याही आत राहतो.

मग ५००० चं का घेऊ नये? कारण स्क्रू स्वतःही पिळतो. १६ मिमीच्या बॉलस्क्रूचा खाचेतला व्यास साधारण १३ मिमी. नट मोटारीपासून ४०० मिमी दूर असेल तर तेवढ्या स्क्रूचा स्वतःचा स्टिफनेस ५५० च्या आसपास भरतो. पुढे ५००० चं कपलिंग लावून हाती फार काही लागत नाही, पैसे मात्र जातात. २५ मिमीच्या स्क्रूला तेवढ्याच लांबीत हा आकडा चार हजारांच्या आसपास असतो. तिथे कडक कपलिंगचे पैसे वसूल होतात. माझा स्वतःचा ठोकताळा असा: कपलिंगचा स्टिफनेस निदान स्क्रूएवढा, जमल्यास दुप्पट. त्यापुढे धावू नये.

आणखी एक आकडा इथेच बघून टाका, जडत्वाचा. ४० मिमी व्यास आणि ६६ मिमी लांबीचं स्टीलचं कपलिंग भरीव धरलं तर त्याचं जडत्व १.३ किलो-चौरस सेंटिमीटर भरतं. ४०० वॅटच्या अनेक सर्व्होंच्या रोटरचं जडत्व ०.३ च्या आसपास असतं. म्हणजे कपलिंग रोटरच्या चौपट! तेच ॲल्युमिनियममध्ये तिसऱ्या हिश्शावर येतं. लहान मोटारीला स्टीलचे हब लावून मग ड्राइव्ह ट्यून होत नाही म्हणून रात्री जागवू नका.

प्रकार, आणि कुठे काय

हेलिकल, म्हणजे चिरा मारलेलं एकसंध कपलिंग, स्वस्त असतं आणि सगळीकडे मिळतं. थ्रीडी प्रिंटरच्या ५ बाय ८ च्या रूपात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. एनकोडर जोडायला ते उत्तम, कारण तिथे लोड नसतो. कटिंगचा जोर घेणाऱ्या अक्षावर नको.

ओल्डहॅममध्ये दोन हब आणि मध्ये ॲसिटल प्लास्टिकची चकती असते. शाफ्ट एकमेकांना समांतर पण थोडे सरकलेले असतील तर ते हा फरक छान पचवतं आणि मोटारीच्या बेअरिंगवर भार टाकत नाही. चकती झिजते, झिजली की प्ले (मोकळी हालचाल) येतो, पण ती बदलायला सोपी आणि स्वस्त आहे. लाकडाच्या राउटरला मला ते आवडतं. धातूच्या मिलला नाही.

बेलोज म्हणजे पातळ स्टीलची सुरकुत्यांची नळी. पिळायला फार कडक आणि प्ले शून्य. पण हाताळणीत नाजूक. बसवताना जरा जास्त ताणलं किंवा वाकवलं की सुरकुत्या कायमच्या बिघडतात. पहिल्यांदाच कपलिंग बसवणाऱ्याने त्याच्या वाट्याला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्क कपलिंगमध्ये स्टेनलेस स्टीलच्या पातळ पात्या असतात. सर्व्होसाठी हे बहुतेक वेळा बरोबर उत्तर आहे. पण सिंगल डिस्क आणि डबल डिस्क यांतला फरक नीट समजून घ्या. सिंगल डिस्क कोनातला फरक घेते, समांतर सरकलेले शाफ्ट घेऊ शकत नाही. रेट्रोफिटमधल्या हाताने बनवलेल्या ब्रॅकेटला थोडा तरी समांतर फरक राहतोच. म्हणून डबल डिस्क, मध्ये स्पेसर असलेलं. लांबी जास्त लागते, म्हणून आधी घेतलेलं टोकांमधलं अंतर इथे कामाला येतं.

आणि जॉ कपलिंग, स्टार रबरवालं. याबद्दल जास्त लिहितो, कारण गल्लत इथेच होते. बाजारात ‘लव्हजॉय’ म्हटलं की दुकानदार पुढे करतो ते पंपाचं कपलिंग: बिडाचे किंवा ॲल्युमिनियमचे सरळ दाते, मध्ये काळं रबर. कूलंट पंपाला, हायड्रॉलिक पॉवर पॅकला ते वर्षानुवर्षं चालतं, कारण पंप एकाच दिशेने फिरतो. त्यात रबर आणि दात्यांमध्ये मोकळीक असते. अक्षावर ती मोकळीक म्हणजे थेट बॅकलॅश, दिशा उलटताना वाया जाणारी हालचाल. आपल्याला हवं ते झीरो-बॅकलॅश जॉ: दाते वक्र, हब क्लॅम्पचे, आणि मधला पॉलियुरेथेनचा स्टार दाबूनच आत बसतो. दुकानात जोडून बघा. स्टार बोटाने सहज आत पडला तर ते परत द्या.

स्टारचा कडकपणा शोअर ए मध्ये सांगतात: ८०, ९२, ९८. अनेक जर्मन कॅटलॉगांमध्ये ८० निळा, ९२ पिवळा, ९८ लाल, आणि त्याहून कडक ६४ शोअर डी हिरवा असतो. पण सगळे हे रंग पाळत नाहीत, म्हणून आकडा विचारा. मिलच्या अक्षाला ९८ च्या खाली जाऊ नका. स्टेपरला मात्र ९२ चालतो, बऱ्याचदा जास्त बरा चालतो. मधल्या वेगावर स्टेपर थरथरतो, कधी तिथेच स्टेप सोडतो, आणि पॉलियुरेथेन ती थरथर पिऊन टाकतं. बेलोज किंवा डिस्क तसं करत नाहीत.

झेडसाठी मी जॉच घेतो, सर्व्हो असला तरी. कारण तेच ब्रेकचं. बेलोज फाटलं किंवा डिस्कच्या पात्या तुटल्या तर मोटारीचा आणि स्क्रूचा संबंध संपतो, ब्रेक निरुपयोगी होतो, हेड सुटतं. जॉमध्ये स्टारचा भुगा झाला तरी धातूचे दाते एकमेकांत अडकलेले राहतात. आवाज येईल, जॉब वाया जाईल, पण हेड हवेत सुटणार नाही. थोडा स्टिफनेस कमी मिळाला तर मिळाला.

रिजिड, म्हणजे सरळ नळीसारखं कपलिंग, कुणी सुचवलं तर नको म्हणा. शाफ्टमधला शतांशाचा फरकही मग मोटारीचं बेअरिंग सोसतं.

बोअर आणि पकड

ग्रब स्क्रूवर भरवसा ठेवू नका. तो एका बिंदूवर दाबतो, हब एका बाजूला ढकलतो, आणि दिशा हजारो वेळा उलटल्यावर हमखास ढिला होतो. क्लॅम्पचा हब शाफ्टला सगळीकडून आवळतो. मोटारीला चावीची खाच असेल तरी चावी काढून ठेवा आणि क्लॅम्पवरच चालवा. चावी आणि खाचेमधली फट दिशा उलटताना वाजते.

बोअर एच७ असावं. १० मिमीला याचा अर्थ शून्य ते अधिक १५ मायक्रॉन, १४ ला १८ पर्यंत, १९ ला २१ पर्यंत. हब शाफ्टवर हाताने, थोड्या विरोधाने सरकायला हवा. सहज लटपटत जात असेल तर बोअर मोठं आहे.

दोन बाजूंना वेगळी बोअर तयार मिळतात, १० बाय १९ असं सांगून मागवता येतं. मिळालं नाही तर लहान बोअरचं घेऊन टर्नरकडून वाढवून घ्यावं लागतं. तेव्हा टर्नरशेजारी उभे राहा. चार जबड्यांच्या चकमध्ये, जुन्या बोअरला डायल लावून, रनआउट (फिरताना होणारा डोल) ०.०१ मिमीच्या आत आणल्यावरच बोअरिंग बारने काम करायचं. ड्रिल घालायचं नाही. क्लॅम्पची चीर हबला सैल करते, म्हणून चिरेत बरोबर मापाची पट्टी ठेवून स्क्रू हलका आवळून मगच बोअर करायचं. आणि वाढवल्यानंतर भिंत किती उरते ते आधी मोजा. आमच्या मशीनला नेमकं हेच आधी मोजलं नव्हतं.

बोअर मोठं निघालं म्हणून शाफ्टला पत्रा गुंडाळू नका. पत्र्याची टोकं जुळतात तिथे उंचवटा राहतो आणि हब डोलतो. फार अडलंच तर एका बाजूने चिरलेला, लेथवर नीट बनवलेला बुश चालेल.

खरेदी

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेअरिंग आणि पॉवर ट्रान्समिशनचं सामान गल्लीभर मिळतं. हातात घेऊन बघता येतं हा मोठा फायदा. ऑनलाइन घेत असाल तर ज्याच्या पानावर स्टिफनेसचा आकडा आणि क्लॅम्प स्क्रूचा टॉर्क नाही ते अक्षावर लावायला घेऊ नका. नुसतं ‘हाय क्वालिटी’ म्हणून भागत नाही. स्टारवालं घेतलं तर त्याच वेळी दोन स्टार जास्तीचे घ्या. चार महिन्यांनी नेमक्या त्याच मापाचा, त्याच कडकपणाचा स्टार शोधणं वेळखाऊ काम असतं.

बसवणं

कपलिंग वाकडेपणा झाकायला नसतं. कॅटलॉगमध्ये समांतर फरक ०.१५ मिमी चालेल असं लिहिलेलं असतं, पण ती शेवटची मर्यादा आहे. ०.०५ च्या आत आणा, ०.०२ मिळालं तर फारच छान. त्या मेहनतीवर कपलिंगचं आणि मोटारीच्या बेअरिंगचं आयुष्य ठरतं.

लाइन जुळवायची तीही मोटारीची नाही, ब्रॅकेटची. मोटारीच्या तोंडाशी एक गोल उंचवटा असतो, स्पिगॉट. नेमा २३ ला तो ३८.१ मिमी, नेमा ३४ ला ७३ मिमीच्या किंचित वर, ६० फ्लँजच्या सर्व्होला ५० आणि ८० फ्लँजच्याला ७०. ब्रॅकेटमधलं भोक या स्पिगॉटला नेटकं बसणारं हवं. मग मोटार कितीही वेळा काढली तरी त्याच जागी परत येते. चार बोल्टच्या मोकळ्या भोकांवर मोटार टांगून रोज नवी लाइन शोधायला लागू नये.

ब्रॅकेट जुळवायला मॅग्नेटिक बेस स्क्रूच्या टोकावर बसत नाही, जागा नसते. आम्ही एक ठोकळा बनवतो: एकाच सेटिंगमध्ये बोअर केलेली स्टीलची नळी, एका बाजूला १० एच७, दुसऱ्या बाजूला १९ एच७. ती स्क्रूच्या टोकावर सरकवायची, ब्रॅकेट बोल्ट सैल ठेवून मोटार स्पिगॉटसकट आत घालायची आणि तिचा शाफ्ट नळीत जाऊ द्यायचा. ब्रॅकेट स्वतःहून जागेवर येतं. जोर लावून ओढावं लागत असेल तर खाली शिम (पातळ पत्र्याची चकती) हवा. मोकळेपणी बसलं की बोल्ट आवळा, स्क्रू हाताने फिरवून बघा. सगळ्या फेऱ्यात एकसारखा हलका फिरला पाहिजे. मग दोन डॉवेल पिन मारा, मोटार काढा, नळी काढा. एक दिवस जातो, पण हा दिवस पुन्हा खर्चावा लागत नाही.

आता खरं कपलिंग. शाफ्ट आणि बोअर दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा थिनरने पुसून कोरडे करा. तेलाचा पातळ थरही क्लॅम्पची पकड कमी करतो. शाफ्ट हबमध्ये क्लॅम्पच्या पूर्ण लांबीभर जायला हवा, पण मधल्या लवचीक भागात घुसता कामा नये. स्टारवाल्यात दोन हबमधलं अंतर कॅटलॉगप्रमाणे सोडा, एकमेकांवर दाबून बसवू नका.

आधी स्क्रूच्या बाजूचा क्लॅम्प आवळा. मग मोटार बोल्टने पूर्ण बसवा. मोटारीच्या बाजूचा क्लॅम्प सैल असताना स्क्रू दोनतीन फेरे फिरवा, म्हणजे कपलिंग आपली नैसर्गिक लांबी धरेल, आणि मग तो आवळा. आवळणी टॉर्क रेंचने, कॅटलॉगमधल्या आकड्याएवढी. ‘हाताला घट्ट लागलं’ म्हणजे एम३ ला जास्त आणि एम६ ला बहुधा कमी.

हब अडला म्हणून हातोडी मारू नका, लाकडीही नाही. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला एनकोडर आहे आणि ऑप्टिकल एनकोडरमध्ये काचेची चकती असू शकते. एका ठोक्यात मोटार बाद होते.

तपासणी

पेंट मार्करने शाफ्टवरून हबवर, हबवरून पुढच्या हबवर, तिथून स्क्रूवर एक सरळ रेघ ओढा. मशीन आठवडाभर चालवून ती बघा. रेघ शाफ्ट आणि हबच्या सांध्यात तुटलेली दिसली तर क्लॅम्प घसरतोय, आणि कुठल्या बाजूचा तेही तीच रेघ सांगते.

मग डायल. टेबलाला टेकवून शून्य करा, एका दिशेने ०.१ मिमीच्या पायऱ्या घेत पुढे जा, मग उलटे या. पहिल्या उलट्या पायरीत डायल किती कमी हलतो तो तुमचा एकूण बॅकलॅश. त्यात कपलिंगचा वाटा किती हे वेगळं काढायला सर्व्हो चालू ठेवून मोटार धरलेली असू द्या, टेबल हाताने जोरात ढकला आणि ओढा, आणि दुसऱ्या माणसाला मोटारीचा हब आणि स्क्रूचा हब यांच्याकडे बघायला सांगा. बोटं मात्र कपलिंगपासून लांब ठेवायची. स्क्रूचा हब फिरला आणि मोटारीचा नाही, तर कपलिंग. दोन्ही स्थिर आणि तरी टेबल हललं, तर नट किंवा सपोर्ट बेअरिंग. स्क्रूचं टोक पुढेमागे सरकताना दिसलं तर नक्की बेअरिंग, त्याचा लॉकनट बघा.

फिनिश केलेल्या पृष्ठभागावर स्क्रूच्या लीडएवढ्या अंतराने, म्हणजे इथे ५ मिमीवर, लाटा दिसल्या तर दर फेऱ्याला काहीतरी डोलतंय. तिथे कपलिंगचं रनआउट किंवा ब्रॅकेटची लाइन आधी तपासा. तासभर चालवल्यावर मोटार बंद करून कपलिंगला हात लावा: कोमट चालेल, चटका बसला तर लाइन चुकलीय.

सगळं नीट असेल, तर जास्तीचे स्टार एका पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. त्या पाकिटावर दोन्ही बोअरची मापं, स्टारचा शोअर आकडा, क्लॅम्प स्क्रूचा टॉर्क आणि बसवल्याची तारीख लिहून ठेवा.